गाडी कुणाच्या नावावर

ट्रेलर विकायला काढलाय हे बाळासो मधाळेला मालकांनी सांगितलं नाही, टायरवाल्यानं सांगितलं. शिरोली नाक्यावर तो हवा बघायला थांबला होता. चाकावर हातोडी मारत टायरवाला सहज म्हणाला, "मालक ट्रेलर काढायलेत म्हणं. मग तू आता कुणाची गाडी धरणार?"

बाळासो त्याच ट्रेलरचा ड्रायव्हर. तो ट्रेलर नवा आला तेव्हापासून त्याला दुसऱ्या ड्रायव्हरचा हात लागला नव्हता. पुढं ओढणारी गाडी आणि मागं जोडलेली लांबलचक सपाट पाठ, असं ते प्रकरण कोल्हापुरातल्या एखाद्या वळणावर वळायला लागलं की बाकीचे ड्रायव्हर चहा सोडून बघत राहायचे. साखर कारखान्यांचे लोखंडी रोलर, बॉयलरचे भाग असला अवजड माल घेऊन बाळासो कर्नाटकात जायचा, कधी त्याच्याही खाली.

हे सत्त्याण्णव साल. बाळासो चाळिशीचा होता. कळंब्याच्या बाजूला दोन खोल्या, बायको बायडाबाई अंगणवाडीत मदतनीस, मुलगी दीक्षा नववीत. त्याच्या वडिलांनी छप्पन सालानंतर बौद्ध धम्म स्वीकारला, गावकीची कामं टाकली आणि कोल्हापुरात येऊन हमाली धरली. पोरानं पाठीवर पोती घेऊ नयेत, स्टेअरिंग धरावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ते पोरानं खरं केलं. आता ते स्टेअरिंग आपल्या मालकीचं असावं, असं पोराच्या मनात होतं. पण ते त्यानं कुणाजवळ बोलून दाखवलेलं नव्हतं.

मालक गणपतराव कागलकडचे. घरचा ऊस, त्यातून एक ट्रक, एकाचे चार झाले, मग ट्रान्सपोर्टचं ऑफिस. माणूस मोठ्यानं हसणारा. बाळासोला त्यांनी "बाळू" सोडून कधी हाक मारली नाही आणि त्याचा पगार कधी अडवलाही नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी विषय काढला.

"बाळू, नव्या गाड्या घ्यायच्यात मला. ह्यो ट्रेलर काढणार. बाहेरचं गिऱ्हाईक हाय, पण म्हटलं आदी तुला इचारावं. तुज्याच हातची गाडी. तूच घे की."

"मी, मालक?"

"का? जन्मभर दुसऱ्याचीच हाकणार काय?"

बाळासो घरी आला तो हवेतच. पण त्यानं लगेच होकार दिला नाही. गाडीच्या बाबतीत तो घाई करणारा नव्हता. उद्यमनगरात केरबा नावाचा मिस्त्री होता, बाळासोचा जुना दोस्त. त्याला घेऊन तो दुसऱ्या जुन्या गाड्याही बघून आला. हप्ते थकलेल्या, जप्त केलेल्या गाड्या जिथं उभ्या असत त्या आवारात एक लाल ट्रेलर होता. रंग नवा, सीटचं रेक्झिन नवं, किंमतही कमी. बाळासो चढून बसला तर उतरायचं नाव घेईना. केरबा मात्र खाली सरपटत गेला आणि पान्ह्यानं खालच्या लोखंडी सांगाड्याचा, चासीचा, रंग खरवडायला लागला.

"उतर खाली," तो आतूनच ओरडला. "चासीला जोड हाय. कुठंतरी मोडून पडलेली गाडी हाय ही. रंग लावून उभी केल्या."

दुसऱ्या एका गाडीचं इंजिन चालू करून त्यानं तेलाचं टोपण काढलं, तर आतनं भसाभस धूर आला. "इंजिन बसलंय," केरबा म्हणाला. "गाडी घेशील तेवढंच पैसं इंजिनाला घालशील."

शेवटी दोघांनी गणपतरावांचाच ट्रेलर केरबाच्या दारात उभा केला. त्याची सगळी दुखणी बाळासोला पाठ होती. इंजिन एकदा उघडून झालेलं, पण धूर नव्हता. तिसरा गिअर घालताना हात सांभाळावा लागायचा. मागचे टायर घासलेले होते. क्लच अजून वर्षभर गेला असता.

"अनोळखी गाडीपेक्षा ही बरी," केरबा हात पुसत म्हणाला. "गाडी इमानी हाय. पर मागच्या पाठीचं ब्रेक पयल्यापासनं नीट धरत न्हाईत, ते तुला ठावं हाय. गाडी घेतलीस की आदी ते कर."

"करू की. चार खेपा होऊ देत."

बायडाबाईनं सगळं ऐकून घेतलं. ती सातवी शिकलेली, बोलायला कमी, पण विचारायची ते नेमकं विचारायची. भाकरी थापत ती म्हणाली, "गाडी चांगली हाय, कबूल. पर तुमी आजारी पडलासा तर ती हाकणार कोण? आन् गाडी आजारी पडली तर आपण खायाचं काय?"

"दुसरं लोक न्हाईत व्हय मालक झालेलं?"

"हाईत की. गाडी नावावर कवा करणार म्हणं?"

नावाचं गणपतरावांनी आधीच सांगितलं होतं. थोडी रक्कम आत्ता द्यायची, बाकीची दर महिन्याच्या भाड्यातून कापायची. पैसे फिटले की नाव लावायचं, तोवर कागदावर गणपतरावच. टॅक्स, इन्शुरन्स, दुरुस्ती बाळासोनं बघायची. माल मात्र गणपतरावांच्या ऑफिसातूनच उचलायचा. बाळासो बँकेतही जाऊन आला होता. एवढ्या जुन्या गाडीवर कर्ज होत नाही, असं तिथल्या साहेबानं मान वर न करताच सांगितलं. मग पतसंस्थेचं कर्ज काढलं, त्यात बायडाबाईच्या भिशीचे पैसे घातले आणि ती रक्कम गणपतरावांच्या टेबलावर ठेवली.

"नावाचं काय घिऊन बसलाईस?" गणपतराव म्हणाले. "मी काय पळून जातोय काय?"

ते खरंच पळून जाणारे नव्हते. म्हणूनच बाळासोला पुढं काय होतंय ते लवकर कळलं नाही.

पहिलं वर्ष बरं गेलं. नाक्यावरची पोरं त्याला "मालक" म्हणायची. सुरुवातीला त्याला ते गोड वाटायचं. मग भाड्याचे पैसे हातात येण्याआधीच हप्ता कापलेला, डिझेल कापलेलं, ऑफिसचं कमिशन कापलेलं, आणि उरलेल्यातून कधी क्लच, कधी स्प्रिंगचे पाटे, कधी टायर. पूर्वी रस्त्यात टायर फुटला तर तो मालकांना फोन करायचा आणि झाडाखाली आडवा व्हायचा. आता टायरमधून जरा वेगळा आवाज आला तरी तो गाडी कडेला घेऊन चाकं तपासायचा. पूर्वी कधी बोलाचाल झाली तर तो किल्ली टेबलावर ठेवून दोन दिवस घरी बसायचा, गणपतराव स्वतःच निरोप पाठवायचे. आता रागावून घरी बसायची सोय नव्हती. गाडी उभी राहिली तरी हप्ता उभा राहत नव्हता. ताप अंगात घेऊन त्यानं हुबळीच्या खेपा केल्या. आईच्या मातीला तो संध्याकाळी पोचला. गाडी मालासकट धारवाडच्या बाहेर अडकली होती आणि ती सोडून निघता आलं नव्हतं.

एकदा त्यानं हिय्या करून दुसरा एक ट्रान्सपोर्टवाला गाठला. गणपतरावांपेक्षा तो भाडं बरं द्यायचा.

"पावणं, गाडी झकास हाय तुमची," तो म्हणाला, "पर कागदाला नाव गणपतरावांचं. त्येंचं आन् माझं उठणं-बसणं हाय. त्येंची चिठ्ठी आणा, माल देतो."

चिठ्ठी मागायला जायचं म्हणजे गणपतरावांना सांगायचं की तुमचं भाडं मला परवडत नाही. तेही त्यानं एकदा सांगून बघितलं. गणपतराव खो खो हसले. "बाळू, गाडी हाकत हुतास तवा लई गुणाचा हुतास. मालक झालास आन् कुरकुराया लागलास."

त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. आपण एका गरिबाला वर काढलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. चारचौघांत ते तसं सांगायचेही. त्यामुळं बाळासोला त्यांच्यावर नीट चिडताही येत नव्हतं.

"गाडी देऊन टाका परत," एकदा बायडाबाई म्हणाली.

"आन् आजवर भरलं ते?"

दर वर्षी हे वाक्य जड होत गेलं. जेवढं जास्त भरलं तेवढं सोडणं अवघड. चौथ्या वर्षाला तर शेवट दिसायला लागला होता, वर्षाभरात नाव लागलं असतं.

त्याच वर्षी, दोन हजार एकच्या सुरुवातीला, मागचे टायर आणि गाडीचा इन्शुरन्स एकदमच समोर आले. दोन्हीला पैसे नव्हते. टायरशिवाय गाडी हलत नव्हती, इन्शुरन्सशिवाय हलत होती. बाळासोनं टायर घातले. इन्शुरन्स पुढच्या महिन्यात करू म्हणाला. पुढच्या महिन्यात दीक्षाची डी.एड.ची फी आली. मागच्या ब्रेकचं काम तर इतक्या वेळा पुढं ढकललं होतं की केरबानंही आता विचारायचं सोडलं होतं.

मे महिन्यातली दुपार. बाळासो कर्नाटकातून एका कारखान्याचे झिजलेले रोलर घेऊन कोल्हापूरच्या फौंड्रीला निघाला होता. कागलच्या अलीकडं हायवे रुंद करायचं काम चाललं होतं. उतारावर रस्ता एकदम डावीकडं वळवलेला, कडेला मुरमाचे ढीग. बाळासोनं ब्रेक दाबला. पुढच्या चाकांनी धरलं, मागच्या पाठीनं धरलं नाही. रोलरचं सगळं वजन मागून रेटत आलं. स्टेअरिंग त्यानं मुरमाकडं फिरवलं, पुढची गाडी ढिगात घुसून थांबली, पण मागचं लांब शेपूट फिरून रस्त्यावर आडवं आलं. समोरून एक माणूस मोटरसायकलवर दुधाचे कॅन बांधून येत होता. शेपटाच्या टोकानं त्याला उचलून कडेला फेकलं.

बाळासो उतरला तेव्हा दूध रस्त्यावरून त्याच्या पायाशी येत होतं. माणूस जिवंत होता. एक पाय गुडघ्याखाली भलताच वळलेला.

"पळ मर्दा, लोक मारतील," पलीकडचा एक ट्रकवाला ओरडला. पळून जाणं सोपं होतं. पण गाडी तिथं सोडून बाळासोला कधी कुठं जाताच आलं नव्हतं. आज मात्र ती तिथंच ठेवून त्यानं एक जीप थांबवली, त्या माणसाचा पाय स्वतःच्या मांडीवर धरला आणि त्याला कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

माणसाचं नाव सयाजी. कागलजवळच्या गावचा, दोन म्हशी घरच्या, बाकीचं दूध गोळा करून कागलात घरोघर घालायचा. संध्याकाळी त्याची बायको धोंडुबाई आली. ती रडली नाही. पलंगाजवळ उभी राहून तिनं नवऱ्याकडं बघितलं आणि मग भिंतीला टेकलेल्या बाळासोकडं.

"तुमी व्हय डायवर?"

"व्हय."

"गाडी कुणाची?"

साधा प्रश्न होता. "कुणाची..." एवढंच बाळासो म्हणाला. माझी म्हणावं तर कागद नव्हता. मालकांची म्हणावं तर चार वर्षांचा घाम त्यात गेला होता.

"कुणाची म्हंजे?" धोंडुबाई म्हणाली. "एवडी मोठी गाडी, आन् कुणाची हाय ते ठावं न्हाय?"

पोलिसांनीही तेच विचारलं, आणि त्यांनी कागद बघून गणपतरावांचं नाव लिहून घेतलं.

दोन-तीन दिवसांत गणपतरावांनी त्याला घरी बोलावलं. एवढ्या वर्षांत तो त्यांच्या ओसरीवरच्या बाकावर बसत आला होता. त्या दिवशी त्यांनी त्याला आत सोफ्यावर बसवलं. गणपतराव हसत नव्हते. टेबलावर गाडी नावावर करायचे फॉर्म होते.

"वकिलाला इचारलं मी," ते म्हणाले. "इन्शुरन्स न्हाय. म्हंजे भरपाई गाडी ज्येच्या नावावर त्येच्या बोकांडी. बाळू, इन्शुरन्स भरायचं तुजं काम हुतं."

"व्हय मालक. चुकलंच."

"जाऊ दे. ह्या फारमावर सही कर. एजंट आपला हाय, तारीख गेल्या वर्षीची पडंल. गाडी तुजी झाली. ऱ्हायलेलं हप्तं बी माफ केलं मी."

बाळासो फॉर्मकडं बघत राहिला. ज्याच्यासाठी तो चार वर्षं झुरला ते नाव आयतं समोर होतं, फक्त सही करायची होती.

"मग भरपाई माज्यावर यील न्हवं?"

"यीना का. तुज्याकडनं ते काय घेणार? तुज्याजवळ हायच काय? कोर्ट तुला काय फाशी देत न्हाय. तू बी सुटलास, मी बी सुटलो."

"आन् सयाजी?"

"कोण सयाजी?"

"पाय मोडलेला."

गणपतरावांनी फॉर्म त्याच्याकडं सरकवला. आतून चहा आला. बाळासोनं कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. "उद्या सांगतो," म्हणून तो उठला.

घरी त्यानं बायडाबाईला सगळं सांगितलं. तिनं तांदूळ निवडत निवडत ऐकलं. मग म्हणाली, "इतकी वर्सं नाव मागत हुतासा तवा न्हाय दिलं. आता नाव म्हंजे गळफास झाला, तवा द्यायलेत."

"सही केली तर गाडी आपली हुत्या."

"व्हय. आन् त्या बाईच्या हातात काय पडतंय?"

"सही न्हाय केली तर सगळं जातंय. भरलेलं बी."

"ते मला कळतंय की," बायडाबाई म्हणाली. तिचा आवाज एकदम चढला. "मी काय करा म्हणून सांगत न्हाय. तुमाला जे दिसतंय तेच मला दिसतंय. वाटच न्हाय, काय सांगू?"

रात्रभर त्याच्या डोक्यात तेच फिरलं. सही केली तरी अडकला, नाही केली तरी अडकला. पण जीपमध्ये मांडीवर धरलेल्या त्या पायाचं वजन काही केल्या उतरेना. ब्रेक नीट नाहीत हे त्याला ठाऊक होतं. गणपतरावांच्या हातात गाडी होती तेव्हा त्यांनाही ठाऊक होतं.

सकाळी तो ओसरीपर्यंतच गेला. गणपतराव बाहेर आले.

"आजची तारीख घाला मालक. आजपासनं गाडी माजी म्हणा, लगी सही करतो. मागची तारीख नको."

"आजच्या तारखेचा मला काय उपेग?"

"तेच की. मागच्या तारखेचा त्या माणसाला उपेग न्हाय."

गणपतरावांचा चेहरा लाल झाला. "लई शाणा झालास. मी तुला गाडी दिली, मी! कोण देत हुतं तुला?"

बाळासोनं खिशातून किल्ली काढली. गाडी पोलिसांच्या ताब्यात होती, किल्ली दुसरी, घरी ठेवायची. ती त्यानं ओसरीच्या बाकावर ठेवली आणि तो निघाला.

पुढचं सगळं सावकाश घडलं. बाळासोला दंड झाला, काही महिने लायसन्स गेलं. मालकाला गोत्यात आणणारा ड्रायव्हर म्हणून नाक्यावर बोललं जायला लागलं. तो धोंडुबाईकडं गेला तो खरं तर माफी मागायला. ती म्हणाली, "माफीचं काय करू मी? सकाळचं दूध कोण घालायचं ते सांगा."

मग सयाजीचा पाय बरा होईस्तोवर बाळासोनं त्याचं दूध घातलं. पहाटेची पहिली एसटी पकडून तो कागलला यायचा आणि सायकलला कॅन अडकवून घरोघर फिरायचा. दोन-तीन घरांनी त्याचं आडनाव विचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून दूध बंद केलं. कारण त्यांनी सांगितलं नाही, बाळासोनं विचारलं नाही. धोंडुबाईला मात्र ते कळलं. तिनं त्या घरांकडं पुन्हा म्हणून दूध घातलं नाही, सयाजी चालायला लागल्यावरसुद्धा.

भरपाईचं प्रकरण दीड-दोन वर्षं चाललं आणि शेवटी तडजोडीत मिटलं. ट्रेलर विकून गणपतरावांनी पैसे भरले. विकत घेणारा बेळगावकडचा होता, त्यानं आधी केरबाकडून मागचे ब्रेक करून घेतले आणि मगच गाडी नेली. तडजोडीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात गणपतराव आणि बाळासो समोरासमोर आले. गणपतराव थकल्यासारखे दिसत होते.

"चार वर्सं भरलंस आन् एका सहीसाठी सगळं घालवलंस," ते म्हणाले. "तुला काय मिळालं रं बाळू?"

काय मिळालं ते त्यालाही माहीत नव्हतं. "ब्रेक वेळंवर केलं असतं तर बरं झालं असतं मालक," एवढंच तो म्हणाला.

"व्हय," गणपतराव म्हणाले. "मी बी करून द्याला पायजे हुतं."

कोर्टाबाहेरच्या गाड्यावर दोघांनी चहा घेतला. पैसे गणपतरावांनी दिले. त्यानंतर त्यांची भेट झाली नाही.

केरबाच्या ओळखीनं बाळासोला दुधाच्या टँकरवर नोकरी लागली. गाडी दुसऱ्याची, पगार ठरलेला. गाडी बंद पडली तर तो फोन करायचा आणि वाट बघायचा. पण पतसंस्थेचं कर्ज संपलं नव्हतं. ट्रेलर बेळगावच्या पलीकडं कुठं तरी धावत होता आणि कळंब्यात बाळासो पगारातून त्याचे पैसे फेडत होता, दर महिन्याला, कुरकुर न करता, दीक्षाला शाळेत नोकरी लागेपर्यंत आणि त्यानंतरही थोडे दिवस. शेवटचा हप्ता भरून आला त्या दिवशी बायडाबाईनं विचारलं, "आता कसं वाटतंय?"

"काय वाटायचं," तो म्हणाला. "सवय झालती."

टँकर घेऊन कागलवरून जाताना कधी कधी सयाजी दिसायचा. मोटरसायकल सावकाश चालवायचा, एक पाय जरा बाहेर काढून. हात वर करायचा. बाळासोही हात वर करायचा आणि सयाजी बराच पुढं निघून जाईपर्यंत टँकरचा वेग वाढवायचा नाही.